पोटाची फिर्याद

शरीराच्या अवयवांत पोटाइतका सोशिक अवयव दुसरा नसेल. आपण वेळी-अवेळी, कमी-अधिक, गोड-तिखट जे काही त्याच्या स्वाधीन करतो ते ते मुकाट्याने स्वीकारते. परंतु त्याने एकदा फिर्याद मांडली म्हणजे ती मोठी अस्पष्ट असते. डोळ्यात कण गेला तर तो कोठे खुपतो हे सांगता येते. पायात काटा रुतला तर त्यावर बोट ठेवता येते. पोट मात्र "मला त्रास झाला" एवढेच सांगते. कोणी दिला त्याचे नाव सांगत नाही. ते नाव ज्याचे त्यानेच शोधून काढावयाचे असते, आणि हा शोध बेशिस्तपणे केला तर चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा प्रकार घडतो. शाळेच्या वार्षिक अंकात पोटाचे गाऱ्हाणे कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु प्रयोगशाळेत आम्ही मुलांस विचाराची जी शिस्त शिकवितो, ती घरच्या ताटावर उपयोगी पडत नसेल तर ती शिकून तरी काय लाभ?

मला स्वतःला हा विकार चाळिशी ओलांडल्यावर जडला. जेवण झाले की तासा-दोन तासांनी पोट नगाऱ्यासारखे फुगावे, आत गुडगुड व्हावी, कधी कळ यावी, कधी शौचास धावावे लागावे. दुपारच्या तासाला मुले उदाहरण सोडवीत असता मी खुर्चीची पाठ घट्ट धरून उभा राहत असे. प्रथम वैद्यकीय तपासणी करून घेतली. रक्त तपासले, इतर परीक्षा झाल्या. आतड्याला जखम, सूज किंवा दुसरा भयंकर रोग नाही. आतडे हळवे झाले आहे, कोणते अन्न सोसत नाही ते पाहा, असे डॉक्टरांनी सांगितले. पाहा म्हणणे सोपे. पाहावे कसे, हा खरा प्रश्न होता.

सल्लागारांची मात्र उणीव नव्हती. आमच्या मातोश्री म्हणाल्या, "बाबू, हा ठेचाच तुह्या पोटाचा वैरी हाय, तो सोड आधी." एका शिक्षकबंधूंनी चहावर ठपका ठेवला. शेजारच्या आजोबांच्या मते वांगे वातूळ, म्हणून सर्व दोष वांग्याचा. पुण्याहून आलेल्या एका तरुण आप्ताने गहू वर्ज्य करण्यास सांगितले, तर दुसऱ्याने दूध. एकाने डाळी बंद करा म्हटले. एकाने तर मलकापूरच्या पाण्यालाच दोषी ठरविले. या सर्वांची आज्ञा पाळली असती तर माझ्या ताटात भात आणि मीठ एवढेच उरले असते.

ही थट्टेची गोष्ट नव्हे. आपल्या वऱ्हाडात पाहुण्याला जेवू घातल्यावाचून पाठविण्याची रीत नाही. विद्यार्थ्याच्या घरी गेले की त्याची आई भाकर टाकू लागते, आणि ती भाकर नाकारणे म्हणजे त्या माउलीलाच नाकारल्यासारखे होते. ज्याला अन्नाचे भय वाटू लागते त्याला हळूहळू माणसांच्या पंक्तीचेही भय वाटू लागते. माझ्यासाठी म्हणून आमच्या घरातून ठेचा गेला, भरीत गेले, झुणका गेला. मुले निमूटपणे फिके जेवू लागली. एकाच्या पोटापायी साऱ्या घराची चव जावी, हे मला त्या कळांहून अधिक बोचत असे.

आता अपराधी सापडत का नाही ते पाहू. उदाहरणार्थ, आपल्याकडील वरण-बट्टीचे जेवण घ्या. बट्टीत गहू, वरणात तूर, सोबत वांग्याची भाजी. त्या भाजीत कांदा, लसूण, मिरची, शेंगदाणे आणि तेल. वर तुपाची धार आणि शेवटी ताक. शिवाय आग्रहामुळे नेहमीच्या दीडपट जेवण होते. रात्री पोट दुखले तर या मंडळींपैकी दोषी कोण? वांग्यावर रागावणारा मनुष्य वांगे सोडतो, पण वांग्याबरोबर त्या दिवशीचा लसूण, कांदा आणि आग्रहही सुटतो. मग बरे वाटले की वांग्याचा अपराध सिद्ध झाला असे तो जन्मभर सांगत राहतो.

दुसरी अडचण वेळेची. काही अन्नाचा त्रास अर्ध्या तासात जाणवतो. परंतु पुष्कळ अन्नाचा त्रास ते मोठ्या आतड्यात पोचल्यावर, म्हणजे कित्येक तासांनी, क्वचित दुसऱ्या दिवशी होतो. आपण मात्र नुकत्याच घेतलेल्या चहाकडे बोट दाखवितो. तिसरी अडचण प्रमाणाची. घागर शेवटच्या तांब्याने ओसंडते, पण भरलेली असते ती आधीच्या सर्व तांब्यांनी. म्हणून काल सोसलेला पदार्थ आज सोसत नाही आणि मनुष्य गोंधळून जातो.

या गोंधळात केवळ आपणच पडतो असे नाही. थोर वैद्यही पडले आहेत. आपल्या शेजारच्या रावेर-यावल भागातून जी केळी देशभर जातात, त्या केळ्याने एके काळी वैद्यकशास्त्राला सुमारे पाव शतक चकविले. काही लहान मुलांची पोटे फुगत, जुलाब थांबत नसत, अंग झडून ती दगावतही. १९२४ साली न्यूयॉर्कचे डॉक्टर सिडनी हास यांनी अशा मुलांस मुख्यतः केळ्यांवर ठेविले आणि ती सुधारू लागली. केळ्यातच काही औषधी गुण आहे असे मानले गेले. खरी गोष्ट निराळी होती. केळी खाणाऱ्या त्या मुलांच्या आहारातून पाव आणि बिस्किटे, म्हणजे गहू, निघून गेला होता. गुण ताटात आलेल्या पदार्थाचा नव्हता. ताटातून गेलेल्या पदार्थाचा होता.

हा उलगडा हॉलंडमधील डॉक्टर विलेम डिके यांनी केला. त्यांना १९३० नंतरच्या काही वर्षांतच गव्हाचा संशय आला होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात महायुद्धामुळे त्या देशात भीषण अन्नटंचाई पडली, पाव मिळेनासा झाला, आणि इतर मुले खंगत असता या रोगाची मुले मात्र सुधारलेली दिसली. पाव परत आला तेव्हा त्यांचे दुखणेही परत आले. परंतु डिके एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी मुलांच्या आहारातून गहू काढून पाहिला व पुन्हा देऊन पाहिला, मोजमापे घेतली, आणि १९५० साली उट्रेख्ट विद्यापीठास आपला प्रबंध सादर केला. काढणे आणि परत देणे, या दोन पावलांनी मिळूनच पुरावा पूर्ण होतो. आपण बहुधा पहिलेच पाऊल टाकतो आणि निकाल सांगून मोकळे होतो.

आपल्या प्रांतात आहाराचे प्रयोग स्वतःच्या देहावर करून ते जाहीरपणे लिहिणारा पुरुष म्हणजे महात्मा गांधी. १९३६ साली ते वर्ध्याजवळील शेगाव या खेड्यात राहावयास गेले. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव रेल्वेमार्गावरचे प्रसिद्ध गाव असल्याने टपालाचा घोटाळा होऊ लागला, म्हणून १९४० साली त्या खेड्याचे नाव सेवाग्राम ठेवण्यात आले. त्याआधी १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत त्यांनी सोयाबीन खाण्याचा प्रयोग चालविला होता. तेच सोयाबीन आज आपल्या जिल्ह्याची शेते व्यापून राहिले आहे. १९२९ साली त्यांनी न शिजविलेल्या अन्नाचा प्रयोग केला. मोड आलेले गहू, वाटलेले बदाम, हिरवा पाला, लिंबे व मध, सारे तोलून मापून घेतले. पुढे प्रकृतीला अपाय झाला तेव्हा प्रयोग सोडला आणि तो सोडल्याचेही 'यंग इंडिया' पत्रात प्रसिद्ध केले. मोजून खाणे, लिहून ठेवणे आणि अपयश न लपविणे हे तीन गुण त्यांच्याकडून घेण्यासारखे आहेत. मात्र त्या प्रयोगात पाच-सहा गोष्टी एकदम बदलल्या होत्या. अपाय झाला तेव्हा तो नेमका कशाने झाला हे अशा रीतीने कळू शकत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी हा नियम आम्ही नववीच्या वर्गात लंबकाच्या प्रयोगात शिकवितो. दोरीची लांबी आणि गोळ्याचे वजन एकदम बदलले तर काही सिद्ध होत नाही. पोटालाही हाच नियम लागू आहे.

या नियमाने मी माझी चौकशी आरंभिली. जुलैच्या आरंभी एक वही केली. पहिले दोन आठवडे आहारात काहीच फेरफार केला नाही. केवळ काय खाल्ले, किती खाल्ले, किती वाजता, त्रास केव्हा झाला, झोप कशी होती, दिवस घाईचा होता की निवांत, एवढे लिहिले. परीक्षेचे पेपर तपासण्याच्या दिवसांत साध्या जेवणानेही पोट कुरकुरते, हे त्या वहीने दाखविले. त्यानंतर तीन आठवडे ज्यांवर ज्यांवर संशय होता ते सर्व पदार्थ डॉक्टरांना विचारून बाजूस ठेविले. ज्वारीची भाकरी, भात, अर्धी वाटी मुगाचे पातळ वरण, दोडका, गाजर, काकडी, अंडी, भाजलेले शेंगदाणे, असे साधे जेवण. पोट बरेच शांत झाले. पुष्कळ लोक येथेच थांबतात. बरे वाटले ना, मग हेच चालू द्या, असे म्हणतात. परंतु येथे थांबणे म्हणजे दहा जणांना तुरुंगात टाकून गावात चोरी थांबली म्हणून समाधान मानणे होय. त्या दहांत निर्दोष किती, याची चौकशी तर अजून व्हावयाचीच असते.

म्हणून पुढील सुमारे नऊ आठवडे मी एकेका पदार्थाला क्रमाने परत बोलाविले. तीन दिवस तो पदार्थ चढत्या प्रमाणात खावयाचा, नंतर तीन दिवस विसावा. त्रास झाला तर पोट शांत होईपर्यंत पुढचा पदार्थ घ्यावयाचा नाही. पहिला मान तिखटाला दिला, कारण त्याच्यावर आरोप करणारे सर्वांत अधिक. हिरव्या मिरच्या भाजून मीठ-जिऱ्याबरोबर खरडल्या आणि भाकरीशी खाल्ल्या. जीभ भाजली, डोळ्यांत पाणी आले, पण पोटाने तक्रार केली नाही. सर्वांना तिखट असेच सोसते असे नाही. माझ्या पोटाने मात्र त्याला सोडून दिले. बिनदुधाचा चहा सुटला. वांगे निष्कलंक सुटले. शेजारच्या आजोबांना ते अद्याप पटलेले नाही. दूध अर्धा कप चालते, पेलाभर चालत नाही, दही-ताक चालते. गव्हाच्या दोन पोळ्या चालतात, चार बट्ट्या चालत नाहीत. तुरीचे वरण एक लहान वाटी चालते. बेसनाचा झुणका थोडा सोसतो, पोटभर सोसत नाही. कांदा, विशेषतः कच्चा, दोषी ठरला. आणि सर्वांत मोठा अपराधी निघाला लसूण.

लसणाचा निकाल देण्यापूर्वी दुसरी परीक्षा घेतली, कारण मनात धास्ती असली तर पोट धास्तीनेही दुखू शकते. माझ्या पत्नीने लसूण तेलात तळून काढून टाकला आणि त्या सुवासिक तेलात शेंगदाण्याची चटणी केली. काही दिवस त्या चटणीत लसूण वाटून घातला, काही दिवस घातला नाही; चव दोहींची जवळजवळ सारखी. कोणत्या दिवशी काय, हे तिने आपल्याजवळ लिहून ठेविले, मला सांगितले नाही. मी माझ्या वहीत त्रास लिहीत गेलो. शेवटी दोन्ही टिपणे जुळवून पाहिली तेव्हा शंका उरली नाही.

आता मातोश्रींच्या म्हणण्याकडे वळू. ठेचा खाल्ला की माझे पोट दुखते, हे त्यांचे निरीक्षण अक्षरशः खरे होते. फक्त त्या ठेच्यात मिरचीच्या पाठीमागे लसूण लपला होता. म्हणून घरच्या वडील माणसांचे बोलणे हसण्यावारी नेऊ नये. त्यांनी पाहिलेले नीट ऐकावे आणि त्याचे कारण मात्र तपासून घ्यावे. आता त्या माझ्यासाठी बिनलसणाचा ठेचा करतात आणि, "हे आधी काहून नाही सांगतलं?" म्हणून पोटालाच दटावतात. नाताळाच्या फराळाला मी सर्वांच्या पंक्तीला बसलो; शेव बेताने घेतली, करंज्या निर्धास्तपणे घेतल्या.

हे असे का घडते याचे शास्त्रही सांगितले पाहिजे. कांदा, लसूण व गहू यांत एक प्रकारची शर्करांची साखळी असते. तिला फ्रुक्टन म्हणतात. हरभरा, तूर इत्यादी डाळींत त्याच जातीची दुसरी साखळी असते. या साखळ्या तोडणारा पाचकरस मनुष्याच्या आतड्यात नाही. त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात आणि तेथील सूक्ष्म जंतू त्यांना आंबवून वायू उत्पन्न करतात. असे सर्वांच्याच पोटात होते. हळव्या आतड्याला तो ताण दुखतो, एवढाच भेद. दुधातील शर्करा पचविणारा रस वयाबरोबर पुष्कळांत कमी होतो. भारतात ही गोष्ट फार सामान्य आहे. दही लागताना ती शर्करा काही अंशी खर्च होते, म्हणून दूध न सोसणाऱ्यासही दही-ताक बहुधा सोसते. फ्रुक्टन पाण्यात विरघळते, तेलात नाही. म्हणूनच लसूण तळून काढलेले तेल चालते. डाळी भिजवून ते पाणी फेकल्याने त्यांचा त्रास कमी होतो, ही आपल्या आजीबाईंची रीत शास्त्राला धरून आहे. अशा सर्व शर्करांस मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातील संशोधकांनी २००५ साली 'फॉडमॅप' हे एकत्र नाव दिले आणि त्यांना काही आठवडे वगळून मग एकेक परत घेण्याची पद्धत बसविली.

नाव घेताना घाई करू नये याचे एक अलीकडचे उदाहरण आहे. गव्हातील ग्लूटेन या चिकट प्रथिनाने आपणांस त्रास होतो असे मानून गहू सोडलेल्या, परंतु पुढे सांगितलेला गव्हाचा रोग नसलेल्या ५९ माणसांवर नॉर्वेत एक प्रयोग झाला; तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यांस सात-सात दिवस तीन प्रकारच्या वड्या दिल्या: एकीत ग्लूटेन, एकीत फ्रुक्टन, एकीत दोन्ही नाही, कोणती कोणती ते खाणाऱ्यांना ठाऊक नव्हते. अधिक त्रास ग्लूटेनने नव्हे, तर फ्रुक्टनने झाला. नाव एकाचे, काम दुसऱ्याचे!

तथापि काहींच्या बाबतीत गहू खरोखरच शत्रू असतो, आणि तेथे थोडासाही चालत नाही. डिके यांनी ओळखलेला तो रोग म्हणजे सीलियॅक. माझ्या परिचयाच्या एका घरी बारा वर्षांचा मुलगा आठ वर्षांचा दिसत असे. लोहाच्या गोळ्या देऊनही रक्त वाढत नव्हते. आईबाप उद्यापासून गहू बंद करणार, इतक्यात डॉक्टरांनी त्यांस थांबविले. या रोगाची रक्ततपासणी गहू खाणे चालू असतानाच करावयाची असते. आधी गहू सोडला तर परीक्षा खोटी उतरू शकते. तपासणीत रोग निघाला. आज तो मुलगा ज्वारीच्या भाकरीवर भराभर वाढत आहे. आपल्या ज्वारीच्या मुलखात हे पथ्य तसे सोपे. परंतु गिरणीत गव्हामागून ज्वारी दळली तर गव्हाचे पीठ तिच्यात उतरते, आणि बाजारच्या डबीतील हिंगातही पुष्कळदा मैदा मिसळलेला असतो. त्या माउलीने घरीच लहान गिरणी घेतली आणि डबीवरचा मजकूर वाचावयास ती शिकली.

पालकांस माझी विनंती एवढीच की, मुलाचे पोट वारंवार दुखत असेल तर ऐकीव गोष्टींवरून त्याचे दूध, डाळ, अंडी एकामागून एक बंद करू नये. वाढत्या वयात तो उपाय रोगाहून महाग पडतो. वजन घटणे, उंची न वाढणे, शौचातून रक्त जाणे, ताप, वारंवार उलटी, रात्री झोपेतून उठविणारी कळ किंवा पांढुरकेपणा दिसला तर वही करीत बसू नये. तत्काळ डॉक्टरांकडे जावे. आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस सांगणे असे: कोणावरही आरोप ठेवण्यापूर्वी, मग तो पदार्थ असो वा मनुष्य, त्याला सोबत्यांपासून वेगळा करून तपासा, दुसऱ्यांदा संधी द्या, जे दिसले ते लिहून ठेवा, आणि जो निर्दोष ठरेल त्याला मोकळ्या मनाने पंक्तीत परत घ्या. चौकशीचा हेतू ताट रिकामे करणे हा नसून, जितके देता येईल तितके त्या ताटाला परत देणे हाच असतो.